अर्ध्या बाहीएवढे अंतर

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. किती जुना, ते माझ्या रंगावरूनच ओळखा. माझे समुद्र एके काळी गडद निळे होते. आता ते धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखे दिसतात. माझ्यावरच्या काही देशांनी मधल्या काळात नावे बदलली, पण मला कुणी कळवले नाही. मी जरा कललेला असतो, ती माझी ऐट नव्हे. पृथ्वीच तशी आहे. आणि त्या मोठ्या महासागराच्या मधोमध जी बारीक उभी रेघ दिसते, ते बेट नाही, मित्रांनो. ती सुरकुती आहे.

तिची हकिकत आधी सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. माझा जन्म एका लांबलचक, भरपूर खिडक्यांच्या खोलीत झाला. कागदाच्या लगद्याच्या दोन वाट्या एकमेकींना चिकटवल्या, त्यावर पांढरा लेप दिला आणि मग छापील जगाच्या पट्ट्या एकेक करून डकवल्या. या पट्ट्या दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, संत्र्याच्या फोडीसारख्या. माझ्या पट्ट्या डकवणारी बाई कामात मोठी तरबेज होती. शेवटची पट्टी बसवताना मात्र तिला मैत्रिणीने हाक मारली, तिने मान वळवली, आणि तेवढ्यात महासागराला सुरकुती पडली. तपासनिसाने मला उचलून बाजूच्या फळीवर ठेवले. शाळेत जायचे माझे भाग्य तिथेच हुकले. मी गेलो एका विमानाच्या तिकीट ऑफिसात.

ते ऑफिस म्हणजे रस्त्याला लागून असलेली एकच खोली. एक टेबल, समोर दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा, निळ्याशार समुद्राची चित्रे, आणि काचेच्या दर्शनी खिडकीत मी. डाव्या हाताला किल्ल्या बनवणाऱ्याचे दुकान आणि उजव्या हाताला शिंप्याचे. ऑफिस चालवणाऱ्या बाईंना सगळा रस्ता ‘तिकीटबाई’ म्हणत असे. बाई बोलायला तिखट होत्या, पण गिऱ्हाईक रडवेले झाले की त्या आधी पाण्याचा पेला पुढे करत आणि मग तिकिटाचे बोलत.

गिऱ्हाइके दोनच प्रश्न विचारत. किती लांब आहे? आणि किती तास लागतात? मग बाई मला टेबलावर घेत, ड्रॉवरमधून काळा दोरा काढत आणि दोन शहरांवर दोन बोटे ठेवून तो ताणून धरत. “भिंतीवरच्या नकाशाला विचारू नका,” त्या सांगत, “नकाशा सपाट असतो, जग नसतं.” दोरा ताणला की तो आपोआप जवळचा रस्ता शोधतो, हे पाहून मोठमोठी माणसेसुद्धा लहान मुलांसारखी वाकून बघत. त्या दिवसांत मी जरा भावच खात होतो. एकदा एक आई आली होती. मुलगा पहिल्यांदाच परदेशी निघालेला. सगळे समजून घेतल्यावर तिने हळूच सांगितले, “त्याला खिडकीशी बसवा हं. गाडी लागते त्याला. खिडकी उघडी ठेवली की बरं वाटतं.” बाईंनी हसू दाबले आणि तिला मला एकदा फिरवून बघायला दिले. ती मुलाच्या शहरावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. तिच्या हाताची ऊब मला अजून आठवते.

आता शेजारच्या मास्तरांकडे येतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीमास्तर. अंगाने सडपातळ, कानाला पेन्सिल, गळ्यात टेप. जेवायला बसले तरी टेप गळ्यातच. पुरुषांचे कोट शिवावेत तर मास्तरांनीच, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. काज-बटणे त्या करत आणि मास्तरांना टोमणेही त्याच मारत. त्यांची एकुलती एक मुलगी छबी. ती शिकली, आणि समुद्रापलीकडच्या एका शहरात दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. तिचे तिकीट अर्थात आमच्याकडेच काढले.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तर आत आले. “बाई, जरा तुमचा चेंडू घेऊ का?”

मला चेंडू म्हटलेले मुळीच आवडले नाही, पण माणूस कावराबावरा दिसत होता, म्हणून मी मनावर घेतले नाही. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि आपल्या शहरापासून तिच्या शहरापर्यंत, माझ्यावर छापलेल्या आडव्या रेघेवरून काळजीपूर्वक लावत नेला.

“मास्तर, रेघेवरून नका जाऊ,” बाई म्हणाल्या. “विमान रेघेवरून जात नाही.”

“मग कशावरून जातं? आम्ही तर जन्मभर रेघेवरूनच कापत आलो.”

बाईंनी दोरा ताणून दाखवला. तो रेघ सोडून पार वरच्या अंगाला सरकला. मास्तरांनी दोन्ही टोके चिमटीत धरून दोरा टेपवर ठेवला. “बारा इंच!” ते ओरडलेच. “अर्ध्या बाहीपेक्षा दोन बोटं जास्त. एवढंच?”

“तेरा हजार किलोमीटर आहे, मास्तर. चौदा तास लागतात.”

“ते तुमचं माप. माझ्या मापानं अर्धी बाही.” मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते शीळ घालत दुकानात गेले आणि लगेच परत आले. “बाई, पण तुमचा दोरा पार वरून गेला. तिथे सगळं बर्फ दाखवलंय. आणि छबीनं स्वेटर सामानात टाकलाय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरून दोघे सरळ आमच्याकडेच आले. काकूंचे डोळे सुजले होते. मास्तरांच्या हातात शर्टाचे एक पांढरे बटण होते आणि दोऱ्याला लावायच्या मेणाचा तुकडा. बटणाच्या पाठीला मेण लावून त्यांनी ते माझ्यावर, आमच्या शहरावर चिकटवले. मग तास झाला की शिवण अर्धी टाकून यायचे, बटण इंचाला थोडे कमी इतके पुढे सरकवायचे आणि जायचे. काकू गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून होत्या. दुपारी त्या एकदाच बोलल्या. “आता तिला जेवायला दिलं असेल का हो?”

“आता ती इथे आहे,” मास्तर बटणावर बोट ठेवून म्हणाले, जणू त्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

संध्याकाळी बाईंनी ऑफिस बंद केले नाही. बटण पलीकडच्या शहराला टेकल्यावर थोड्याच वेळात फोन वाजला. छबी सुखरूप पोहोचली होती. काकू हसल्या, रडल्या आणि घरी गेल्या. मास्तर मात्र जाताना मला हाताने एकदा थोपटून गेले. त्या दिवसापासून मी चेंडू राहिलो नाही.

पुढच्या वर्षी छबी सुट्टीवर यायची होती, तेव्हा मोठा वाद झाला. बाईंनी सांगितले, येताना सोळा तास लागतील. मास्तर ऐकेचनात. “जाताना चौदा आणि येताना सोळा? एकाच कापडाची दोन मापं कशी निघतील, बाई?”

“वर वारा असतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून येतो.”

मास्तरांनी माझ्यावरच्या बटणाकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे पोरींना लांब जायला वारा मदत करतो. आणि घरी यायचं म्हटलं की आडवा येतो. छान आहे तुमचा वारा.”

मित्रांनो, छबीचे बटण पहिल्या काही वर्षांत माझ्यावरून सारखे ये-जा करत होते. मग ते वर्षाआड येऊ लागले. तिचे लग्न झाले, तेही तिकडेच. पुढे बटण पलीकडच्या शहरावर जाऊन बसले ते बसलेच. मेण वाळले, धूळ बसली. मला त्या बटणाची ओढ लागली होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. माझ्या अंगावर सगळे जग आहे, पण हलणारे असे ते एवढेच होते.

त्याच काळात माणसे खिशातल्या फोनवर तिकिटे काढू लागली. अंतर फोन सांगे, तास फोन सांगे. दोरा ताणायला कुणी येईना. दर्शनी खिडकीत माझ्या जागी चमकणारी पाटी आली आणि माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. तिथून मला फक्त पंख्याची पाती दिसत. बाईंच्या टेबलापुढच्या दोन खुर्च्या बहुतेक वेळ रिकाम्या असत. बाई शब्दकोडे सोडवत. शेजारून शिवणयंत्राचा आवाज येई, तेवढीच मला सोबत होती.

मग छबीला मुलगी झाली. काकू बाळंतपणाला गेल्या. मास्तरांनाही बोलावले होते, पण ते म्हणाले, “शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे.” काकूंसाठी बाईंनी मला खाली उतरवले, पुसले, आणि मास्तरांनी दुसरे बटण चिकटवले. अर्ध्या वर्षाने काकू परत आल्या त्या नातीच्या गोष्टींचे गाठोडे घेऊन. “तुम्ही चला आता,” त्या म्हणाल्या. “लग्नाचे सूट आहेत,” मास्तर म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांचे डोळे दुखत होते. त्याच्या पुढच्या वर्षी दुकानाला रंग द्यायचा होता.

“यांचं कारण दर ऋतूला नवीन असतं,” काकू एकदा बाईंना सांगत होत्या. “खरं कारण मी सांगते. तरुणपणी पैजेनं पाण्याच्या टाकीवर चढले होते. चढले झोकात, आणि वर गेल्यावर डोळे मिटून शिडीलाच मिठी मारून बसले. चार जणांनी उतरवलं खाली. तेव्हापासून हे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतसुद्धा भिंत धरून उभे राहतात.”

पण मास्तर काही नातीला विसरले नव्हते. ते तिला फ्रॉक शिवत. छबी तिकडे टेप घेऊन मुलीचे माप घेई आणि फोनवर सांगे. छाती इतकी, उंची इतकी, खांदा इतका. मास्तर ते कापडावर उतरवत, हाताने टिपा घालत, गळ्याला नाजूक झालर लावत. कोटांचे काम करणारा राकट अंगठा इतके बारीक टाके घालू शकतो, हे रस्त्याला तेव्हा कळले. फ्रॉक तयार झाला की पार्सल रवाना होई. पार्सल पोहोचायला कित्येक आठवडे लागत. आणि तोवर नात वाढलेली असे.

“बाबा, फ्रॉक फार गोड आहे,” छबी दर वेळी सांगे, “पण जरा तोकडा झाला.”

“मास्तर, एक माप मोठा शिवा ना,” बाईंनी सुचवले. “मुलं वाढतातच.”

मास्तर चिडले. “अंदाजानं मी आयुष्यात कपडा शिवलेला नाही. सांगितलेल्या मापाचाच शिवणार. उद्याच्या माणसाचं माप आज कोण घेतं?” बाईंनी हात टेकले. असे एकामागून एक फ्रॉक जात राहिले आणि एकामागून एक तोकडे होत राहिले. दर पार्सलच्या वेळी मास्तर आमच्याकडे येत, स्टुलावर चढायचे धाडस नसल्यामुळे बाईंना मला खाली काढायला लावत, आणि पलीकडच्या शहरावरच्या बटणाची धूळ फुंकून टाकत. फुंकर माझ्या गालावरून जाई. हा माणूस मला पाहायला येत नाही, हे मला ठाऊक होते. तो त्या बटणाजवळ बसायला येई.

नात चार वर्षांची झाली, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मला टेबलावर घेऊन मास्तर आमच्या ऑफिसातच बसले होते आणि छबीचा फोन आला. पडद्यावर नात होती. मागे तिची एक मैत्रीण उभी होती. मास्तरांनी फोन लांब धरला, कारण जवळचे त्यांना दिसत नसे, त्यामुळे बाईंनाही सगळे दिसले आणि ऐकू आले, आणि मलाही. नात मैत्रिणीला अभिमानाने ओळख करून देत होती. “हे माझे आजोबा. ते बाहुलीचे शिंपी आहेत!”

मैत्रिणीला खरे वाटेना. तेव्हा नातीने कोपऱ्यातली तिची थोरली बाहुली ओढत आणली. बाहुलीच्या अंगात झालरवाला फ्रॉक होता, अगदी मापाचा. “बघ. हिचे सगळे कपडे आजोबाच शिवतात. माझे कपडे आई दुकानातून आणते.”

मास्तर हसले. ती पोर मनापासून कौतुक करत होती, तेव्हा हसण्याशिवाय काय करणार? “हो, हो, मी बाहुलीचाच शिंपी,” असेही म्हणाले. मग फोन बंद झाला आणि त्यांचे तोंड एवढेसे झाले. गळ्यातल्या टेपचे एक टोक ते बोटाला गुंडाळत राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “इतकी वर्षं मी कुणासाठी शिवत होतो हो?”

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

“दोन तिकिटं काढा,” मास्तर पाणी न पिताच म्हणाले. “माझं आणि हिचं. आणि मला मधली जागा द्या.”

“मधली? मास्तर, एवढ्या वर्षांत मधली जागा मागून घेणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.”

“एका बाजूला ही हवी. दुसऱ्या बाजूला कुणी का असेना, पण जाडजूड माणूस बघून द्या. खिडकी झाकली गेली पाहिजे.”

निघायच्या दिवसापर्यंत मास्तर रोज नवे कारण शोधत होते. काकू त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होत्या. शिवणयंत्र बिघडले, कात्री हरवली, असे काहीही ऐकून घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्या सकाळी शेजारचे दुकान उघडले नाही. किल्लीवाल्याने दोनदा बाहेर येऊन बंद दाराकडे पाहिले. बाईंनी मला टेबलावर घेतले. मास्तरांनी जाताना काहीच सांगितले नव्हते, तरी बाईंनी ड्रॉवर धुंडाळून एक तपकिरी कोटाचे बटण शोधून काढले आणि आमच्या शहरावर चिकटवले. शब्दकोडे बाजूला राहिले. तासातासाने बाई बटण पुढे सारत होत्या. गार प्रदेशावर ते आले तेव्हा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “आता डोळे घट्ट मिटून बसले असतील.” मला वाटले, मास्तर खरेच माझ्या अंगावरून चालले आहेत, आणि मी जरासुद्धा हललो तर ते घाबरतील. मी मुळीच हललो नाही.

मित्रांनो, उपदेश केल्याशिवाय आत्मवृत्त संपवायचे नसते, म्हणून तो इथेच उरकून घेतो. शेवटी उरकायला मला जमणार नाही. पुढे काही महिन्यांनी बाईंनी ऑफिस बंद केले आणि मला या वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत आणून दिले. इथे तुम्ही मला खूप फिरवता, ते मला आवडते. फक्त मला ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्याने पुसा. ओल्याने माझे किनारे निघून येतात. खेळताना मला डोक्यावर घेऊन पळू नका, माझा दांडा आता खिळखिळा झाला आहे. आणि तुमच्या घरातले कुणी लांब राहत असेल, तर माझ्यावर त्यांचे गाव जरूर शोधा. तिथे बोट ठेवा, दोरा ताणा, तास विचारा. पण तेवढे करून समाधान मानू नका. मोठी माणसे कारणे सांगू लागली, तर त्यांना नुसते बसू देऊ नका. त्यांचा हात धरून म्हणा, चला.

आता मास्तरांचा फोन राहिला. तपकिरी बटण सरकवले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. बाईंनी तो माझ्याशेजारीच टेबलावर ठेवला होता, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. आधी काकू बोलल्या. यांनी विमानात माझ्या मनगटावर बोटांचे वळ उठवलेत, म्हणाल्या. मग मास्तरांनी फोन घेतला. विमानाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्यांचा आवाज बसलेला होता.

“बाई, आल्या आल्या माप घेतलं. एका जागी उभी राहत नाही हो! शेवटी टेपचं एक टोक तिच्याच हातात दिलं, तेव्हा थांबली. छबीनं फोनवर सांगितलेले आकडे सगळे बरोबर निघाले. एकही चुकला नव्हता.”

“मग तुमचा आवाज असा का?” बाईंनी विचारले.

“तिचा डावा खांदा जरासा उतरता आहे. अगदी जरासा. छबीचा तसाच आहे, आणि माझ्या आईचाही होता. त्या बाजूला टीप थोडी आत घ्यावी लागते, नाहीतर कपडा बसत नाही.” पलीकडे कुणीतरी लहान मूल त्यांना हाका मारत होते. “चार वर्षं मी या पोरीला दोन्ही खांदे सारखे धरून फ्रॉक शिवत होतो. मापात आले असते ना, तरी तिला बसले नसते.”